गाळ कुठे गेला

परवा सकाळी चाळीमागे पोकलेन आलं. त्याच्या लोखंडी पट्ट्यांचा खडखडाट कानावर पडला आणि माझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. शेजारचे म्हणतील, वय झालं. म्हणू देत. जन्मभर लेथवर काम केलेला हात आहे हा, वयाला दाद देत नाही. हा भीतीने हलतो. दर मे महिन्यात हलतो.

माझी सून वैशाली म्हणाली, अण्णा, यंदा तुम्हीच लिहा यावर. मी म्हटलं, मी चौथीत शाळा सोडली. ती म्हणाली, म्हणूनच. मी अट घातली की माझ्या लिहिण्याला कोणी हात लावायचा नाही. ती हो म्हणाली, मग बसलो लिहायला.

दुसऱ्यांचे उन्हाळे आंब्याचे असतात, लग्नांचे असतात, गावी जाण्याचे असतात. असल्फा ते साकीनाका या आमच्या पट्ट्यात उन्हाळा म्हणजे नालेसफाई. वर्षभर नाला चाळीमागे गप्प पडून असतो. वर प्लास्टिकची साय, खाली काय ते कोणी विचारत नाही. एप्रिल सरत आला की ते पिवळं यंत्र काठावर चढतं, सोंड खाली घालतं आणि आतलं सगळं वर आणतं. गाद्या येतात, नारळ येतात, पाट येतात, चपला तर ढिगाने. एकदा अख्खी सायकल आली होती, घंटीसकट. आणि वास. कुजका, थोडा गोडसर, त्याच्या मागून गंजाचा. तो दोरीवरच्या कपड्यांत बसतो, दुधात उतरतो, उशीत मुरतो. काठावर काळे ढीग वाळत पडतात, वरून भेगाळतात, आतून ओलेच राहतात. पोरं दिवसभर बघत उभी असतात. मीही बघायचो. कामातून मोकळा झालेला माणूस, यंत्र चाललेलं बघायला मला अजून आवडतं. पण त्या एका वर्षापासून मे लागला की मी मागची खिडकी लावून घेतो आणि आत बसून घाम पुसतो.

वैशाली आमच्याकडे आली तेव्हा बारावी झालेली. लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन तिने पदवी घेतली, मला वाटलं हौस फिटली. माझा मुलगा सुनील सांताक्रूझला विमानतळावर सामान चढवायच्या कामाला, त्याच्या पाळ्या. नातू पहिलीत गेला तशी ही एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, मला बातमीदार व्हायचंय. मला वाटलं, टीव्हीवर माईक घेऊन ओरडतात तसली. ती म्हणाली तसं नाही, घाटकोपरला एक साप्ताहिक आहे, इथल्याच गल्ल्यांच्या बातम्या देतं, मोबाईलवर पण येतं, तिथे शिकाऊ घेतायत. मी नाही म्हटलं. सुनील हो म्हणाला. मग मी दोन दिवस जेवताना कोणाशी बोललो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या साप्ताहिकाच्या संपादक निमकर बाई. राहायला मुलुंडला, केस पांढरे आणि आखूड, आवाज पुरुषासारखा भरदार. ऑफिस फरसाणाच्या दुकानावर, त्यामुळे वैशाली घरी आली की तिच्या पर्सला तळलेल्या बेसनाचा वास. बाईंची शिकवायची तऱ्हा वैशाली रोज येऊन सांगायची. शिकाऊ पोरापोरींना म्हणे पहिले काही आठवडे खुर्चीच नाही. बाहेर जा, उभं राहून बघा, मग या. 'परिसरात खळबळ' असं कोणी लिहिलं की बाई चष्मा काढायच्या आणि विचारायच्या, कुठे आहे खळबळ, मला दाखव, मी पण येते बघायला.

आणि एक नियम होता. कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, बाईंच्या टेबलावर ठेवायच्या आधी घरी वाचून दाखवायचा. घरात सगळ्यात कमी शिकलेलं जे माणूस असेल त्याला. ते म्हणालं समजलं, तर बाईंकडे यायचं. ते म्हणालं नाही समजलं, तर जिथून बातमी आणली तिथे परत जायचं.

वैशालीने हे मला सांगितलं ते जमिनीकडे बघत. आमच्या घरात सुनील दहावी. नातू पहिलीत, पण त्याची गणती करता येत नव्हती, तो अजून शिकत होता. राहिलो मी. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, त्या बाईला जाऊन सांग, तुझ्या ऑफिसात मायक्रोमीटर वाचता येणारा एक माणूस दाखव म्हणावं. वैशाली शांतपणे म्हणाली, "अण्णा, मायक्रोमीटर राहू दे, हे एवढं ऐका."

ती पहिली बातमी साकीनाक्याच्या एका गल्लीत फुटलेल्या नळाची होती. तिने वाचलं की या गळतीमुळे नागरिकांमध्ये तीव्र नाराजी आहे. मी विचारलं, कोण नाराज. म्हणाली, लोक. मी म्हटलं, मी दुपारीच तिथून आलो, पोरं त्या पाण्यात आंघोळ करत होती, इतकी खूष पोरं मी वर्षात बघितली नाहीत. ती आधी रागावली, मग हसली, मग चप्पल घालून परत गेली. दुसऱ्या दिवशी एका बाईचं नाव घेऊन आली, जिच्या घरात ते पाणी शिरून गव्हाचा डबा भिजला होता. निमकर बाईंनी तेवढी एक ओळ ठेवली आणि बाकी सगळं कापलं.

मी काही फार शहाणे प्रश्न विचारायचो असं नाही. एका पुढाऱ्याच्या बातमीत मी विचारलं की ह्याची बायको कुठल्या गावची. वैशाली म्हणाली, अण्णा, गावच्या गजाली नकोत. पण मला त्या संध्याकाळी आवडायला लागल्या होत्या. ती उंबऱ्याला टेकून बसायची, मोबाईलचा उजेड तिच्या हनुवटीवर, आत कुकरची शिट्टी. ती यायच्या वेळेला मी टीव्हीचा आवाज आधीच बारीक करून ठेवायचो. असं दाखवायचो की नेहमीच बारीक असतो.

मग मे आला आणि निमकर बाईंनी तिला नाल्यावर पाठवलं.

जाताना सांगितलं, नाकाला रुमाल लावायचा नाही. तिथे काम करणारी माणसं लावत नाहीत. तू नाक झाकलंस की ती तोंड मिटतील. वैशाली पहिल्या दिवशी घरी आली ती न्हाणीत शिरली आणि साबण संपेपर्यंत बाहेर आली नाही. तरी जेवताना चपातीला तो वास. ती गप्प जेवत होती, डोळ्यांत पाणी, पण रुमाल लावला नाही म्हणाली.

तिने लिहिलं होतं, आमच्या भागात नालेसफाई जोरात चालू आहे, एवढा एवढा गाळ काढला. छान लिहिलं होतं. यंत्राच्या ड्रायव्हरचं नाव होतं, त्याने डब्यात काय आणलं होतं ते होतं. मी सहज विचारलं, "गाळ काढला म्हणतेस, मग गेला कुठे?"

तिने तिथल्या तिथे निमकर बाईंना फोन लावला. पलीकडून बाई हसल्याचं मला इथे ऐकू आलं.

सकाळी ती रिक्षा करून एका भरलेल्या डंपरच्या मागे गेली. डंपर आमच्या टोकाने निघाला, गोदामांच्या मागून वळसा घालून खाली गेला आणि त्याच नाल्याच्या खालच्या वळणावर, झोपड्यांच्या कडेला, रिकामा झाला. रोज तसंच चाललं होतं. वरून काढायचा, खाली टाकायचा. पाणी आलं की सगळं पुन्हा आत. कागदावर मात्र गाळ शहराबाहेर गेलेला. हे सांगताना तिचे डोळे लखलखत होते, आणि मी धसकलो तो त्या डोळ्यांनी.

कारण तसे डोळे मी बघितले होते. कारखान्यात नव्या माणसांना मी लेथवर शिकवायचो. साताऱ्याकडचा एक जण होता, हात इतका गुणी की मला हेवा वाटायचा. आठवड्यात तो मशीनशी लाडात आला. गाणं म्हणत काम करायचा. बाही दुमडायची राहिली, चक, म्हणजे काम पकडून फिरणारा जबडा, फिरत होता, त्याने बाही धरली आणि मग हात. मी स्विच पाडला तोवर जे व्हायचं ते झालं होतं. तो आवाज मी इथे लिहिणार नाही. त्यानंतर मी नव्या माणसाला हत्यार धरायला शिकवायच्या आधी दोनच गोष्टी सांगायचो: बाह्या वर कर आणि घाबर. ज्याची भीती मोडली त्याला मी मशीनवरून उतरवायचो, मग मालक काय म्हणेल ते म्हणो.

मी वाट बघत होतो की निमकर बाई हिला घाबरायला शिकवतील. त्या शिकवत होत्या दुसरंच. गाडीचा नंबर लिहून घे. वेळ लिही. झोपडीतल्या माणसांना विचार. आणि शेवटी, ज्याच्याबद्दल लिहिणार आहेस त्याला फोन करून विचार, तुमचं म्हणणं काय. हे ऐकून मी उभाच राहिलो. ज्याची चोरी पकडली त्यालाच आधी कळवायचं? वैशाली म्हणाली, असंच असतं अण्णा, त्याचं म्हणणं घ्यावंच लागतं, नाहीतर बातमी छापत नाहीत. आणि तिने माझ्यासमोर नालेसफाईच्या ठेकेदाराला फोन केला. अहो जाहो करून, नाव सांगून, कुठल्या पेपरातून बोलते ते सांगून.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्या शर्टातला एक माणूस आमच्या दारात आला. दुपारी चाळीत असतं कोण. त्याने बूट बाहेर काढले, मला बाबा म्हणाला, पाणी मागितलं. माझ्या गेलेल्या बायकोच्या फोटोला हात जोडले. मग नातू कुठल्या शाळेत जातो असं विचारलं, आणि मी बोलायच्या आत शाळेचं नाव स्वतःच सांगितलं.

"मॅडम नाल्यावर येतात," तो म्हणाला. "चांगलं काम करतात, आपल्याला आदर आहे. फक्त बाबा, या दिवसांत कड कच्ची असते. यंत्रवाल्याला मागचं दिसत नाही. घरचं माणूस म्हणून तुम्ही सांगा जरा."

पाणी सगळं प्यायला, तांब्या उपडा ठेवला, बूट घालून गेला. मी तो तांब्या घासला, मग परत घासला. घरात तो वास त्या माणसाबरोबर आला होता की आधीपासून होता, मला कळेना. संध्याकाळपर्यंत मी जिन्यावर पाय वाजला की दाराशी जायचो.

हे मी वैशालीला सांगितलं नाही. सुनीलला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरात सगळे घाबरले असते, आणि माझ्या घरात घाबरायचं काम मी एकट्याने करायचं असं मी ठरवून टाकलेलं. शिवाय माझ्या हातात एक गोष्ट होती. मी समजलं म्हटल्याशिवाय बातमी बाईंच्या टेबलावर जात नव्हती.

त्या संध्याकाळी तिने पुरी बातमी वाचून दाखवली. काय लिहिली होती. डंपर निघाल्यापासून रिकामा होईपर्यंत मला वाटलं मी मागच्या फळीवर बसून चाललोय. एक शब्द अडला नाही. ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली, आणि मी म्हटलं, "नाही समजलं."

"काय नाही समजलं?"

"एकूणच."

तिने वाद घातला नाही. मान हलवली, पदर खोचला आणि भाकऱ्या करायला गेली. सकाळी मी उठलो तेव्हा ती निघून गेली होती. मला वाटलं ऑफिसला. रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा वाचायला बसली. आता त्यात झोपडीतल्या एका म्हातारीचं बोलणं होतं, दाराशी गाळाचा डोंगर आणि आत बाळंतीण लेक झोपलेली. मी म्हटलं, नाही समजलं. कुठे अडलं, तिने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, इथून निघालेला आणि तिथे रिकामा झालेला डंपर एकच कशावरून. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जसं काही मी फार मोठं बोललो. दुसऱ्या दिवशी ती एका डंपरच्या मागच्या फळीवर खडूने फुली मारून आली. चालू कामात, माणसांच्या देखत. हे मला हसत हसत सांगितलं.

माझ्या जिभेला लोखंडाच्या किसाची चव आली. तरी मी म्हटलं, "अजून नाही समजलं."

पुढच्या दिवशी दुपारी तिचा फोन लागेना. वाजायचा आणि थांबायचा. नातवाला शेजारी बसवलं आणि मी काठी घेऊन निघालो. ऊन असं की डांबर चपलेला धरत होतं. गोदामांच्या मागचा रस्ता मला माहीत होता, उमेदीत त्याच रस्त्याने कामाला जायचो, पण त्या दिवशी तो संपेना. वाटेत दोन ठिकाणी उभा राहिलो, छातीवर हात ठेवून, आणि देवाला नाही, निमकर बाईंना शिव्या दिल्या.

खालच्या वळणावर पोचलो. समोर काळे ढीग, त्यांच्या मागे पोकलेन, आणि पोकलेनच्या मागे, अगदी पट्ट्यांजवळ, वैशाली. रिकाम्या होणाऱ्या डंपरच्या फळीवर फुली आहे का ते वाकून बघत होती. पायाखालची कड भेगाळलेली. पलीकडच्या काठावर पांढरा शर्ट, हातात मोबाईल धरून तिचं चित्रण करत होता, निवांत. आणि यंत्र मागे यायला लागलं.

मी ओरडायला गेलो. आवाज निघाला नाही. माणसाचा आवाज असा जातो हे मला त्या दिवशी कळलं. कारखान्यात सुद्धा गेला नव्हता. बाजूला गंजका पत्रा पडला होता, त्यावर मी काठी आपटली, परत परत आपटली. लोखंडावर लोखंड वाजल्यासारखा आवाज झाला, आणि यंत्र चालवणाऱ्याचा कान असल्या आवाजाला असतोच. ते थांबलं. ड्रायव्हरने मान बाहेर काढून आधी मला शिवी दिली, मग मागे बघितलं आणि पांढरा पडला. त्याच्या मनात काही नव्हतं असं मला वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

वैशाली ढीग उतरून आली. एक चप्पल गाळात राहिली होती.

"अण्णा, तुम्ही इथे कशाला आलात?"

"तू कशाला आलीस?"

"तुम्हाला समजत नव्हतं ना, म्हणून."

मी माझ्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या. ती नको नको म्हणाली, पण माझ्या हट्टापुढे कोणाचं चालत नाही. अनवाणी घरी आलो. तळपायाला फोड आले, ते बरे वाटत होते, दुखायला काहीतरी ठिकाण मिळालं.

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता घाटकोपरला गेलो. फरसाणवाल्याच्या बाजूचा जिना, वर एक खोली, पंखा, वर्तमानपत्रांचे गठ्ठे. निमकर बाईंना मी भांडायला गेलो होतो. पांढऱ्या शर्टाचं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मध्ये बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, हे तुम्ही पहिल्याच दिवशी मला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, आणि तुम्ही पोरींना घाबरायला कधी शिकवता? आम्ही लेथवर पहिलं तेच शिकवायचो.

"ते मी शिकवत नाही," बाई म्हणाल्या. "ते घरून येतं. म्हणूनच घरी वाचायला लावते."

मला उमजलं नाही. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. डोळ्यांखाली काळं होतं. म्हणाल्या, कमी शिकलेल्या माणसाला समजावं हे आहेच, पण ते पोरांना सांगायचं कारण. खरं असं की आपलं माणूस दिवसभर कुठे उभं होतं हे घरच्यांना पेपरातून कळू नये. आधी त्यांना कळावं. मग ते नको म्हणाले तर मी छापत नाही, नाव काढा म्हणाले तर काढते. तुम्ही नको म्हणायला पाहिजे होतं. तुम्ही समजलं नाही म्हणालात.



"समजलं नाही म्हटलं की त्या परत जातात हो," त्या म्हणाल्या. "तसंच शिकवलंय मी. मला रात्रभर झोप नसते, पण तसंच शिकवलंय."

मी चुकलो असं मी तेव्हा म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. भ्यालेल्या माणसाला जे हत्यार हाताला लागतं ते तो वापरतो. बाईंनी चहा मागवला. बिनसाखरेचा होता, तरी प्यायलो. वैशालीला यातलं काही सांगणार नाही असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो शब्द पाळला. पांढऱ्या शर्टाबद्दल मात्र तिला सांगाच म्हणाल्या. ते मी त्याच संध्याकाळी सांगितलं.

ऐकून तिचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच. नातवाकडे बघत राहिली. आणि लाज वाटेल असं एक सांगतो, मला बरं वाटलं. आली एकदाची भीती, मी मनात म्हटलं, आता ही बाह्या वर करील. बऱ्याच वेळाने तिने मोबाईल घेतला आणि बातमी पहिल्यापासून वाचायला लागली. आवाज कापत होता. शेवटपर्यंत वाचली.

"समजलं," मी म्हटलं.

"बातमीवर माझं नाव छापायचं का ते बाई विचारतायत. तुमचं पण आहे ते नाव, अण्णा."

मला नको म्हणायचं होतं. पण आयुष्यभर ते नाव मी कोणापुढे वाकवलं नव्हतं. "छाप," मी म्हटलं. "आडनावासकट."

ती बातमी आली त्या दिवसापासून मी चाळीच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो. जो कोणी येईल त्याने आधी माझ्याशी बोलावं. जूनमध्ये शाळा उघडली तशी नातवाला मी सोडायचो, मीच आणायचो, रस्ता बदलून. मोटारसायकल थांबली की मी खुर्चीतून उठायचो. पेपरवाला नवीन आला तरी मी त्याची चौकशी करायचो, तो बिचारा मला टाळायला लागला. पाऊस लागून नाला भरून वाहेपर्यंत बसलो. कोणी आलं नाही. खालच्या वळणावरचा ढीग उचलला म्हणे, अर्धा. पुढच्या वर्षी यंत्र तेच आलं, काठावरचा माणूस दुसरा होता. कोणी आलं नाही म्हणून माझी भीती गेली का, तर नाही. कोणी येऊन काही बोलून गेलं असतं तर ती त्याच्याबरोबर गेली असती. न आलेल्या माणसाची वाट मी अजून बघतोय.

आता निमकर बाई गुडघ्यांमुळे मुलुंडला घरीच असतात आणि त्यांच्या टेबलाशी वैशाली बसते. तिच्या हाताखाली नवी पोरं आहेत. 'खळबळ' कापते. रुमाल लावू देत नाही. आणि घरी वाचून दाखवायचा नियम तोच. पोरं दमली की आमच्याकडे जेवायला येतात, मला आजोबा म्हणतात, ताटात जास्तीचा मासा घेतात. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघतो. चमकायला लागले की माझं जेवण जात नाही.

काल संध्याकाळी वैशाली गॅलरीत येरझारा घालत होती, फोन कानाला, ओढणीचं टोक दातात. काय झालं विचारलं तर म्हणाली, तन्वी फोन उचलत नाहीये, ऑफिसातला एक पोरगा बघायला पाठवलाय. ही तन्वी मुलुंडची, नवीन, बावीस वर्षांची, हसली की सगळे दात दिसतात. तिच्याकडे तिथल्या एका नाल्याची बातमी आहे.

"तू पाठवलीस?"

"नाही अण्णा, बातमी झालीय, मला चांगली वाटतेय. पण ती आज तिसऱ्यांदा गेलीय. तिच्या आईला समजत नाहीये म्हणे."

मी टीव्ही बंद केला. म्हटलं, वाच. वैशालीने उभ्या उभ्या वाचून दाखवली. नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ बातमी होती, नातवाला सुद्धा समजली असती.

"आईचा नंबर आहे तुझ्याकडे? लाव."

वैशाली माझ्याकडे बघायला लागली. आधी नुसतं बघत होती, मग तिचं तोंड हळूहळू बदललं, आणि मला कळलं की इतक्या वर्षांनी तिला आता उलगडतंय. मी दुसरीकडे बघितलं. तिने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे पहिल्या रिंगलाच उचलला. भ्यालेली माणसं पहिल्या रिंगला उचलतात.

"कोण? तन्वी बरी आहे ना?"

मी म्हटलं, मी वैशाली मॅडमचा सासरा बोलतोय, तन्वीचं काही नाही, तिला शोधायला इथून माणूस जातोय. मग विचारलं, "बाई, एक खरं सांगा. ती बातमी तुम्हाला समजली ना?"

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"समजली हो," ती बाई हळू आवाजात म्हणाली. "तिने पहिल्यांदा वाचली तेव्हाच समजली."

"मग आली की सांगा तिला. नको वाटत असेल तर नको म्हणा, आमच्याकडे नको चालतं. पण समजलं नाही असं म्हणू नका. त्याने ती परत जाते."

"आणि छापून आलं म्हणजे मग? आमच्या घरी दुसरं कोणी नाही."

यावर काय बोलायचं ते निमकर बाईंनी मला शिकवलं नव्हतं.  मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मग मी येतो," मी म्हटलं. "तुमच्या दाराशी बसायला. खुर्ची आहे ना घरात?"

"आहे," ती म्हणाली. आणि रडायला लागली. "प्लास्टिकची आहे."